चपलेला विटाळ नाही, चटणीला आहे



सध्या आपल्या तरुणांना एक सल्ला फुकट मिळतो. "सरकारी नोकऱ्या संपल्या, आरक्षणाची वाट बघू नका, हातात मोबाईल आहे, ऑनलाइन धंदा टाका." हा सल्ला देणाऱ्यांत काही असे आहेत ज्यांना मुळात आरक्षणच नको आहे. काही नऊशे नव्याण्णव रुपयांत लखपती होण्याचा कोर्स विकतात. या दोघांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. पण आपल्यातलेही काही कळवळ्याचे लोक हेच बोलतात, आणि ते मनापासून बोलतात. त्यांचं म्हणणं असं की बाजारात जात विचारली जात नाही, मोबाईलच्या पडद्यावर तर नाहीच नाही. गिऱ्हाईक माल बघतं, पैसे टाकतं, विषय संपला. हा लेख त्यांच्याशी बोलण्यासाठी आहे.

आम्ही पाच जण. तिघे सांगली जिल्ह्यातले, दोघे साताऱ्याकडचे. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि तेव्हापासून वस्त्यांमध्ये काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, महिलांचे बचत गट, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्याच्या पायऱ्या, हे आमचं रोजचं. त्याच्या जोडीला चार वर्षांपासून एक छोटं ऑनलाइन दुकान चालवतो. दुकान म्हणजे मिरजेतली एक दहा बाय दहाची खोली, दोन मोबाईल, एक वजनकाटा आणि टेपचे बंडल. विकतो काय? आंबेडकरी पुस्तकं आणि पंचशील ध्वज. सांगली जिल्ह्यातल्या चर्मकार कुटुंबांनी हाताने बनवलेल्या कोल्हापुरी चपला. आणि साताऱ्याकडच्या बौद्ध महिलांच्या एका बचत गटाची शेंगदाण्याची चटणी, हळद आणि कांदा-लसूण मसाला. या तीन मालांनी बाजाराबद्दल आम्हाला तीन वेगवेगळे धडे दिले.

आधी हिशेब सांगतो, कारण आपल्याकडे धंद्याच्या गप्पा खूप होतात आणि हिशेब कोणी उघडून दाखवत नाही.

चपलेचा एक जोड आम्ही ८५० रुपयांना विकतो. त्यातले ६०० कारागिराला जातात, तेही माल उचलताना रोख. खोका, पिशवी, टेप ३५ रुपये. कुरिअर ९५. गिऱ्हाईक घरी माल आल्यावर पैसे देणार असेल तर त्याचे ३० वेगळे. बेरीज ७६०. उरले ९०. या नव्वदात खोलीचं भाडं, मोबाईलचं रिचार्ज, पेट्रोल आणि आमचा वेळ.

आता समजा गिऱ्हाइकाने पार्सल घेतलंच नाही. दारात आलेल्या पोराला सांगितलं, "नको, परत न्या." मग जातानाचे ९५, येतानाचे ९५ आणि चेमटलेल्या खोक्याचे ३५ असे २२५ रुपये आमच्या अंगावर. म्हणजे एक जोड परत आला की अडीच जोडांची कमाई गेली. दहा ऑर्डरींतल्या दोन परत आल्या तर हातात २७० रुपये राहतात. तीन परत आल्या तर आम्ही पदरचे ४५ रुपये घालून धंदा केलेला असतो. ऑर्डर दहाच्या दहा आलेल्या, फोटोवर शंभर जणांनी 'जय भीम' लिहिलेलं, आणि गल्ल्यात वजा पंचेचाळीस! रीलमधला उद्योजक हे गणित सांगत नाही.

परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण माप. कोल्हापुरी कानवाली चप्पल पायात आधी घट्टच बसते, चार दिवस तेल लावून घातली की पायाचा आकार घेते. दुकानात कारागीर हे बसल्या बसल्या सांगतो. मोबाईलवर कोण सांगणार? त्यात बुटाचा आठ नंबर आणि कारागिराच्या फर्म्याचा आठ नंबर एक नसतो. म्हणून आता आम्ही नंबर विचारतच नाही. कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. जो एवढे कष्ट घेतो तो सहसा माल परत करत नाही.

दुसरी मेख खोक्याची. कुरिअरवाले नुसतं खरं वजन धरत नाहीत, खोका किती जागा खातो तेही बघतात आणि जे जास्त भरेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. ३२ बाय २० बाय १२ च्या खोक्याचं वजन या रीतीने दीड किलोच्या वर जातं आणि दोन किलोचं बिल येतं. चपला मात्र पाऊण किलोच्या. त्याच चपला एकमेकींवर उलट-सुलट ठेवून ३० बाय १४ बाय १० च्या खोक्यात बसवल्या की ८४० ग्रॅम होतात, बिल एक किलोचं येतं. वर लिहिलेले ९५ रुपये याच छोट्या खोक्याचे आहेत. आमच्या एका ताईंनी हे शोधून काढलं. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत. व्यवस्थापनाची पदवी लागली नाही.

पुस्तकांची गोष्ट वेगळी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे पुस्तक बेळगावला जाऊ दे नाहीतर दिल्लीला, नोंदणीची भानगड येत नाही. चपलेचं तसं नाही. राज्याच्या आत विकायचं आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन बाजारांवरही राज्यापुरता माल ठेवता येतो. पण राज्याची हद्द ओलांडायची म्हटली की सहसा जीएसटी नोंदणी, दर वेळचं विवरणपत्र आणि सल्लागाराची फी येते. मिरजेहून कर्नाटकची हद्द तासाभराच्या आत लागते. तिकडची आपली माणसं चपला मागतात आणि आम्ही हात जोडतो.

पुस्तकांचं खरं दुखणं टपालाचं. खाजगी कुरिअर पाटणच्या डोंगरात, माण-खटावच्या वाड्यांवर, जतच्या टोकाच्या गावात जात नाहीत. पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध नाही". तिथे पोस्टच जातं. देशात दीड लाखांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि बहुतेक खेड्यांत आहेत. पुस्तकांसाठी पोस्टाची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा होती. १८ डिसेंबर २०२४ ला ती अचानक बंद झाली. छोट्या प्रकाशकांची कंबर मोडली. पुढे १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आमच्यासारख्यांना हा आधार आहे, पण पार्सल जमिनीवरच्या वाहतुकीने सावकाश जातं. आणि आपला वाचक सावकाश नसतो. त्याला पुस्तक १४ एप्रिलच्या आत हवं असतं.

आमचा निम्मा धंदा तारखांवर चालतो. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, विजयादशमी, ६ डिसेंबर, १ जानेवारी. पंचशील ध्वज १३ तारखेला पोचला तर तो ध्वज, १५ तारखेला पोचला तर नुसतं कापड. चैत्यभूमीवर किंवा दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावला की हा त्रास नसतो. माणूस पुस्तक चाळतो, पैसे देतो, पिशवीत टाकतो. उन्हातान्हात आलेला, पोटाला चिमटा घेऊन पुस्तक घेणारा तो वाचक हा आपल्या प्रकाशन व्यवहाराचा कणा आहे. ऑनलाइन दुकान त्या स्टॉलची जागा घेऊ शकत नाही. उरलेल्या दिवसांत त्या वाचकाच्या घरापर्यंत पोचणं एवढंच त्याचं काम.

घरापर्यंत पोचणं! इथून खरा विषय सुरू होतो.

आपल्या माणसाचा पत्ता काय असतो? 'समाजमंदिराजवळ.' 'बौद्धवस्ती, ओढ्यापलीकडे.' गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावर भीमनगर, समतानगर झालं. मोबाईलच्या नकाशाला मात्र ते अजून सापडत नाही आणि गावातल्या माणसाला विचारलं तर तो जुनंच नाव सांगतो. डिलिव्हरीवाला पोरगा मेन चौकात थांबतो आणि फोन करतो, "इथं येऊन घ्या." एका गावात आमच्या एका वृद्ध वाचकाला दोन किलोमीटर चालत यावं लागलं. त्याच गावात वरच्या आळीला मात्र पार्सल दारात जातं. आम्ही त्या पोराला दोष देत नाही, त्याला पार्सलमागे मोजके पैसे मिळतात. पण गावाची रचना जशी हजार वर्षांपूर्वी आखली, तशीच ती आज पार्सलच्या वाटेवर उभी आहे.

सातारा जिल्ह्यातलं मसूर स्टेशन आपल्याला माहीत आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि या स्टेशनवर उतरले. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला, दुप्पट भाड्यावर. तोही गाडी हाकणार नाही, मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे. बाजारात जात विचारली जात नाही असं म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा. त्या गाडीवानाला पैसा नको होता असं नाही. पैसा हवा होता, दुप्पट हवा होता, फक्त शेजारी बसायला नको होतं. पैसा आणि विटाळ दोन्ही एकाच वेळी सांभाळण्याची कला या देशातल्या बाजाराला फार आधीपासून येते.

बाबासाहेबांनी स्वतः व्यवसायही करून पाहिला. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचं काम सुरू केलं. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं आटली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, सल्ला तोच, आकडे तेच. बदललं काय, तर गिऱ्हाइकाला कळलेलं नाव. १९२० मध्ये 'मूकनायक' निघालं तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नाही. आज आम्ही एका समाजमाध्यमावर संविधानावरच्या पुस्तकाची जाहिरात पैसे भरून टाकली, तर 'सामाजिक विषय, निवडणूक व राजकारण' या सदरात घालून ती अडवली गेली. हे काम यंत्र करतं, त्याच्या मनात जात नसेल. पण पोथ्यांच्या जाहिराती त्याच यंत्रातून सुखाने जाताना आम्ही बघतो.

आता चटणीकडे येऊ.

चपला आमच्याकडून सगळे घेतात. कोथरूडहून ऑर्डर येते, डोंबिवलीहून येते. आडनावं बघितली तर सगळ्या जातींची. चप्पल कोणी बनवली हे विचारणारे उलट कौतुकाने विचारतात. चप्पल चर्मकारानेच बनवावी ही व्यवस्थेचीच अपेक्षा आहे, त्यात कोणाचं काही बाटत नाही. चप्पल पायात जाते.

चटणी तोंडात जाते.

खाण्याच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते योग्यच आहे, खाणाऱ्याला तो हक्क आहे. बचत गटाच्या पाकिटावर गटाचं नाव आहे, ते एका बौद्ध नावावरून ठेवलेलं. खाली पत्त्यात वस्तीचं नाव. पहिली ऑर्डर उत्साहाने येते. एका सोसायटीच्या महिला मंडळाने दिवाळीसाठी चाळीस पाकिटं मागवली, नमुना खाऊन मागवली, चवीचं कौतुक केलं. पाकिटं तयार झाल्यावर लेबलचा फोटो मागितला. आम्ही पाठवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "आमच्यातल्या काहींचं सोवळं असतं, नंतर बघू." नंतर अर्थातच काही आलं नाही. ती चाळीस पाकिटं आम्ही आपल्याच माणसांत फिरून खपवली.

गटातल्या एका मावशींनी विचारलं, "लेबलावर तुमच्या खोलीचा पत्ता टाकला तर चालंल का? मिरज म्हणलं की कुणाला काय कळतंय?" प्रश्न साधा होता. त्यांना पोरीची फी भरायची होती. यावर आम्ही पाच जण रात्री उशिरापर्यंत भांडलो. एकाचं म्हणणं, आधी पोट, मग स्वाभिमान. दुसऱ्याचं म्हणणं, लपवून विकलेल्या प्रत्येक पाकिटाबरोबर आपण त्यांचं सोवळं शाबूत ठेवतो. शेवटी निर्णय आम्ही घेतलाच नाही, कारण तो आमचा नव्हता. गटाची बैठक घेतली. अकरा बायका. तासभर चर्चा झाली आणि त्यांनीच ठरवलं: पत्ता तोच राहणार. सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "नाव बदलून विकायचं हुतं तर धम्म कशाला घेतला?"

हा निर्णय महाग आहे. चटणीचा खप चपलेच्या पावपटही नाही. पण या वाटेवर आपण पहिले नाही. शेजारच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळाने 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं होतं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. महाराजांनी भांडवल दिलं, पण भांडवलाने गिऱ्हाईक आलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. अलीकडे २०१६ मध्ये चंद्रभान प्रसाद यांनी 'दलित फूड्स' याच नावाने हळद, मसाले, लोणची ऑनलाइन विकायला काढली. नाव झाकलं नाही, दुकानाच्या पाटीवर लावलं. जो घेईल तो जाणून घेईल.

म्हणून "कर्ज घ्या, धंदा करा" या सल्ल्याला आमचं उत्तर असं: कर्जाने माल उभा राहतो, गिऱ्हाइकाच्या डोक्यातली उतरंड हलत नाही. डिक्कीसारख्या संघटनेने २००५ पासून दलित उद्योजक घडवण्याचं काम केलं, त्याचं मोल आहे. केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरवलेला आहे. तिथे गिऱ्हाईक सरकार आहे, त्याला सोवळं पाळता येत नाही. म्हणजे धंद्यातसुद्धा आपल्याला आरक्षणासारखं धोरण लागतंच. धंदा आला की आरक्षण नको, हे गणितच चुकीचं आहे.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. एका कार्यकर्त्या मित्राने आम्हाला तोंडावर विचारलं, "बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले आणि तुम्ही ते ऑनलाइन नेताय?" प्रश्न रास्त आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. चप्पल बनवण्यात कमीपणा नाही. ती बनवणारा जन्माने ठरणं आणि त्याच्या कामाचा भाव दुसऱ्याने ठरवणं यात गुलामी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये इटलीच्या 'प्राडा'ने मिलानच्या मंचावर तसल्याच चपला दाखवल्या, कारागिराचं नावही न घेता. गदारोळ झाल्यावर प्रेरणा कुठली ते कबूल केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तो गदारोळ करणाऱ्यांत कितीजण गावातल्या कारागिराला त्याने सांगितलेला भाव देतात? ऑनलाइन तर रेक्झिनची यंत्रावरची चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून तीनशेला विकली जाते.

आम्ही काय करतो ते सांगतो. भाव कारागीर सांगतो, आम्ही घासाघीस करत नाही. जाहिरातीत 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' असले शब्द वापरत नाही, कारण त्या परंपरेत काय काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि कारागिराच्या पोरांनी हेच काम करावं अशी आमची मुळीच इच्छा नाही. ज्या घरातून आम्ही सगळ्यात जास्त जोड घेतो, तिथला मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन होतोय. तो शिकून बाहेर पडला आणि आमचा एक पुरवठादार कमी झाला, तर आम्हाला आनंदच आहे.

शेवटी चार रोकड्या गोष्टी, जे या वाटेला येणार आहेत त्यांच्यासाठी. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला एक रुपया देऊ नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात आले की मगच पार्सल बांधा. घरी आल्यावर पैसे देणाऱ्याकडून निदान कुरिअरचा खर्च आधी घ्या. जो शंभर रुपये आधी देत नाही तो साडेसातशे दारात देईल याचा भरवसा नाही. एकट्याने दुकान काढण्यापेक्षा चार-पाच गट मिळून एक खोली, एक वजनकाटा, एक कुरिअर खातं ठेवा. एकट्याचा दर आणि पाचांचा दर यात फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आपल्याच समाजबांधवांसाठी. "जय भीम दादा, पुस्तक पाठवा, पैसे पुढच्या महिन्यात देतो" हे बंद करा. आमच्या वहीत आजही सगळ्यात मोठी थकबाकी घोषणा सगळ्यात मोठ्याने देणाऱ्यांची आहे. इतरांनी सोवळ्यामुळे आपला माल घेतला नाही तर आपण लेख लिहितो, आणि आपल्या माणसाचा माल घेऊन पैसे बुडवले तर त्याला आपुलकी म्हणतो! त्या पाकिटामागे अकरा बायका आहेत. त्यांना पाठिंबा द्यायचा असेल तर स्टेटस ठेवू नका. मसाला मागवा, पैसे आधी भरा, आवडला नाही तर मोकळेपणाने सांगा आणि आवडला तर शेजारच्या वरच्या आळीतल्या मित्राला जेवायला बोलवा. लेबल त्याला दिसेल असं ताटाशेजारी ठेवा.

तो जेवला तर एक गिऱ्हाईक वाढलं. नाही जेवला तर मित्र कसला आहे ते तरी कळलं.

जय भीम! नमो बुद्धाय!